कोपऱ्यातलं मशीन

अक्षरं उजवीकडून आली आणि आपोआप एकमेकांना जुळत गेली. युम्ना टाइप करत होती आणि अरबी ओळ स्क्रीनवर डावीकडे सरकत होती, कुठेही न तुटता, एकाही अक्षराची जागा न सुटता. इन्शिराह तिच्या खुर्चीमागे चहाचा ग्लास धरून उभी होती. ग्लास भाजतो आहे हे तिला मागाहून, बोटाला फोड आला तेव्हा कळलं. त्या क्षणी फग्गालाच्या, छापखान्यांच्या त्या रस्त्यावरची हातगाडीवाल्यांची ओरड, कागदाचे गठ्ठे उतरवणाऱ्या हमालांच्या शिव्या, सगळं एकदम लांब गेलं. "बघितलंत का मादाम?" युम्ना मान न वळवता म्हणाली. "खाली, पार तळाशी एक टिक आहे. कुणी केलीच नव्हती! ती केली की झालं, सॉफ्टवेअरला अरबी येतं." मग ती वळली आणि हसली. चोविशीतली पोर, दुकानात येऊन जेमतेम दोन महिने झालेले, टेबलावर फुटक्या कपात पुदिन्याची काडी लावलेली. "तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का हो कधी? म्हणजे इतकी वर्षं तुम्ही त्या कोपऱ्यातल्या खटाऱ्यावर बसून..." वाक्य तिनं अर्धंच सोडलं. पोरीला कीव आली होती. ग्लास भाजला नव्हता इतकी ती कीव इन्शिराहला भाजली. "नाही गं," ती म्हणाली, "मला कुठलं ठाऊक असायला."

ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं, आणि आजचं नव्हे. हाजी मुतवल्लीच्या या छापखान्यात ती आली तेव्हा तिच्या केसांत एकही पांढरा नव्हता आणि सॉफ्टवेअरला अरबी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यात अरबी मजकूर टाकला की तो उलटा व्हायचा; शेवटचं आधी, पहिलं शेवटी, आणि हातात हात घालून चालणारी अक्षरं एकेकटी उभी राहायची, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरांसारखी. लग्नपत्रिका, सरबताच्या दुकानाची पाटी, निवडणुकीचा फलक, सगळ्याची तीच गत. फग्गालातले भले भले कपाळाला हात लावून बसले होते. वाट काढली ती इन्शिराहनं. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर अरबीपुरता एक साधा प्रोग्राम होता. त्यात ओळ लिहायची, तिचं चित्र करून गोठवायची, ते चित्र मांडणीच्या मशीनवर आणून ओळीखाली ओळ मांडायची. गोठलेलं चित्र तुटत नाही. पण एक टिंब चुकलं तर सगळं पहिल्यापासून. या कामाला जीव लागायचा, डोळे लागायचे, आणि ते तिच्याकडे होते. लोक तिच्या खुर्चीमागे उभे राहायचे. हाजी गिऱ्हाइकाला सांगायचा, "ते आमच्या मादामना विचारा. त्या नसतील तर दुकानाला कुलूप." घरी, शुब्राच्या दोन खोल्यांत, तिला काही विचारायला कुणी नव्हतं. लग्न ठरलं होतं ते मोडलं, वडील गेले, बहीण नग्वा नवऱ्यामागून अलेक्झांड्रियाला गेली आणि आईला घेऊन गेली. दुकानातली ती खुर्ची हे तिचं घरदार होतं, आणि हे तिला कुणी तोंडावर म्हटलं असतं तर तिनं त्याचं तोंड फोडलं असतं.

मग नवीन मशीनं आली, नवीन सॉफ्टवेअर आलं. एका शुक्रवारी पुरुषमंडळी नमाजाला गेलेली असताना ती सहज चाळत बसली होती, आणि परिच्छेदाच्या मांडणीत पार तळाशी तिला ती टिक दिसली. केली. स्क्रीनवरचा मोडका मजकूर एकदम वळला, उजवीकडे गेला, अक्षरांनी एकमेकांना धरलं. किती सुंदर दिसत होतं ते! तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर टाळ्या पिटत रस्त्यावर धावलं असतं. इन्शिराहला मात्र वाटलं की आपण बसलो आहोत आणि खालून कुणीतरी खुर्ची काढून घेतली. तिनं दाराकडे पाहिलं, टिक काढली, मग उठून दुसऱ्या मशीनवरही जाऊन पाहिलं की तिथे केलेली नाही ना. त्यानंतर अनेक वर्षं ती दुकानात सगळ्यांच्या आधी येत राहिली आणि सगळ्यांच्या नंतर जात राहिली. खोटं बोलायला एक वाक्य पुरतं, पण ते सांभाळायला माणूस जुंपून घ्यावा लागतो, आणि तिनं स्वतःलाच जुंपून घेतलं. ताप आला तरी ती यायची. दात काढला त्या दिवशी तोंडात कापूस कोंबून आली. तिच्या गैरहजेरीत कुणी तिच्या मशीनवर बसेल, खाली जाईल, तळापर्यंत जाईल, या भीतीनं तिला ईदची सुट्टीसुद्धा लांबच्या लांब वाटायची.

आई आजारी पडली तेव्हा नग्वाचा फोन यायचा. "तुझं नाव घेते गं. कालपासून जेवणाला तोंड लावत नाही, इन्शिराह कुठाय म्हणते." इन्शिराह म्हणायची, "निवडणुकीचे फलक आहेत, एवढे संपले की निघते." "फलक काय दुसरं कुणी करू शकत नाही?" "नाही," ती म्हणायची, "दुसऱ्या कुणाला जमत नाही." रामसेस स्थानक छापखान्यापासून इतकं जवळ होतं की अलेक्झांड्रियाची गाडी सुटताना तिचा भोंगा दुकानात ऐकू यायचा. ती भोंगा ऐकायची आणि ओळीखाली ओळ मांडायची. एका सकाळी फोन आला तेव्हा नग्वा रडत नव्हती, नुसती म्हणाली, "दुपारी नेतील. तू येशील असं काही मी धरलेलं नाही." ती पोचली तेव्हा कबरीवरची माती ओली होती आणि माणसं परतत होती. आईच्या दगडावरचा मजकूर मात्र तिनंच केला, दुसऱ्या दिवशी दुकानात परतून, कोपऱ्यातल्या मशीनवर. आईच्या नावातलं शेवटचं अक्षर मनासारखं वळेना म्हणून तिनं ते पुन्हा पुन्हा केलं. आईसाठी एवढं तरी केलं, असं तिला वाटलं होतं. खरं म्हणजे आईसाठी तिनं काहीच केलं नव्हतं आणि ते तिला कळत होतं.

आणि आता ही काल आलेली पोर पुदिन्याच्या काडीला पाणी घालता घालता म्हणत होती, "आजच हाजींना दाखवते. चार दिवसांचं काम एका दिवसात उरकेल. तुमचेपण डोळे वाचतील, मादाम." डोळे वाचतील! इन्शिराह तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली, पाठीवरून हात फिरवला. "अगं, हाजी जुन्या वळणाचा माणूस. नुसतं दाखवलंस तर म्हणेल, कालची पोर मला शिकवते. आधी एक मोठं काम या रीतीनं कर, छापून, कोरून बाहेर पडू दे, गिऱ्हाईक खूश होऊ दे. मग सांग. तेव्हा तुझा शब्द राहील." युम्नाला ते पटलं. चांगल्या माणसांना पटवणं फार सोपं असतं, आणि त्याचाच इन्शिराहला सगळ्यात जास्त संताप यायचा. "तुम्ही किती विचार करता हो माझा," युम्ना म्हणाली. तिनं डब्यातलं घेवड्याची उसळ भरलेलं पाव-सँडविच मोडून अर्धं इन्शिराहला दिलं, आणि इन्शिराहनं ते खाल्लं.

काम आलं ते मुअल्लिम शहातचं. शहात इमारतींचा ठेकेदार, म्हणून सगळे त्याला मुअल्लिम, उस्ताद म्हणायचे; आडदांड, चालताना जमीन हादरायची. आत आला तो मात्र भिंतीला धरून. त्याचा थोरला मुलगा हुसाम मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, चाळिसाव्याला, सगळं गोत कबरीवर जमणार, त्याआधी संगमरवरावर नाव कोरून बसवायचं होतं. युम्नानं त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, मुलगा कसा होता ते विचारलं, आणि तो दांडगा माणूस दुकानात सगळ्यांदेखत रडला. त्या मजकुरावर ती दोन दिवस बसली. हुसामच्या नावासाठी तिनं कितीतरी वळणं पाहिली, शेवटी एक लांब, संथ वळण निवडलं. कागदावर काढलेली प्रत पाहून शहातनं ती डोळ्यांना लावली आणि म्हणाला, "मुली, देव तुझं भलं करो. अस्संच हवं." इन्शिराह कोपऱ्यातून पाहत होती. इतक्या वर्षांत तिचं काम कुणी डोळ्यांना लावलं नव्हतं. लोक वा म्हणायचे, पैसे टाकायचे, जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारची अजान झाली. हाजी माळ घेऊन मशिदीत गेला, युम्ना मागच्या खोलीत हातपाय धुवायला गेली. युम्नाच्या मशीनवर, बाहेर जायच्या कामांच्या कप्प्यात दोन फायली होत्या. एक उसाच्या रसवाल्याच्या पाटीची. रसवाला चौकस, पाटी चढवण्याआधी दहा वेळा येऊन बघणार, तिथे चूक पकडली गेली असती आणि हसण्यावारी गेली असती. दुसरी हुसामच्या दगडाची. ती आता कुणी उघडणार नव्हतं. कागदावर पसंती झालेलं काम पुन्हा उघडायचं नाही, उघडलं की बिघडतं, हा हाजीचा दंडक होता. दगड कापणारा तर अंगठाबहाद्दर, आणि त्याचाच हाजीला अभिमान होता. "त्याला वाचता येत नाही म्हणून तो गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. इन्शिराहनं दोन्ही फायलींकडे पाहिलं. घाईत नव्हती ती, रागातही नव्हती. तिनं दगडाची फाइल उघडली, खाली गेली, तळापर्यंत गेली आणि टिक काढली. ओळ फिरली. हुसामचं नाव विस्कटलं, एकेक अक्षर सुटं होऊन उभं राहिलं. मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या हातांनी ते मोडकं नाव गोठवलं, चित्र केलं, त्याच नावानं त्याच जागी ठेवलं. हात किती सराईत चालले! मागच्या खोलीत नळ वाहत होता आणि युम्ना काहीतरी गुणगुणत होती. इन्शिराहच्या मनात आलं, ही पोर मला त्या दिवशी अर्धं सँडविच देत होती. तरी तिनं फाइल पुन्हा उघडली नाही. ती आपल्या जागी जाऊन बसली, आणि दिवसभर तिला विलक्षण हलकं वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

युम्नानं ती फाइल न उघडता पेन ड्राइव्हवर घेतली आणि दगडवाल्याच्या माणसाच्या हाती दिली. देताना म्हणाली, "जपून न्या हं."

पुढचे दिवस इन्शिराहनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रात्री झोप लागायची, याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. दिवसा मात्र दारात सावली पडली की ती काम टाकून मान वर करायची. चाळिसावा कधी आहे हे तिला माहीत होतं. त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या तिला दिसत होतं, कबरींच्या अंगणात बायका काळ्या कपड्यांत बसल्या असतील, कुराण वाचणारा खाकरत असेल, फातिहा म्हणायला हात वर झाले असतील आणि कुणीतरी दगडावरचं फडकं ओढेल. तिला आईची ओली माती आठवली. मग तिला आठवलं की आईच्या दगडावरची अक्षरं मात्र जुळलेली आहेत, पक्की, कधी सुटणार नाहीत अशी, आणि या विचारानं तिला बरं वाटलं. असं बरं वाटलं याची लाजही तिला वाटली, पण थोडीच.

शहात दुसऱ्या सकाळी आला. ओरडत आला असता तर बरं झालं असतं. तो येऊन हाजीच्या टेबलासमोर उभा राहिला आणि फोनमधला फोटो समोर धरला. "हाजी," तो म्हणाला, "हे वाच मला."

हाजीनं चष्मा लावला. वाचलं नाही. फोन हळूच खाली ठेवला. "मुअल्लिम, बसा आधी."

"बसायला नाही आलो. फडकं माझ्या बायकोनं ओढलं. तिला वाटलं, चुकीच्या कबरीवर आणलंय. म्हणाली, हे कुणाचं आहे, माझा पोरगा कुठाय? मग बसली खाली आणि बोटांनी अक्षरं ढकलायला लागली. दगडावरची अक्षरं, हाजी! एकमेकांजवळ सरकवत होती. नखं फुटली तिची. मी चार माणसांच्या मदतीनं उचलली तिला."

युम्ना उभी राहिली होती. तोंड पांढरंफटक. "मी नीट केलं होतं. मुअल्लिम, तुम्ही स्वतः बघितलंत ना कागदावर? डोळ्यांना लावलंत."

"कागदावर बरोबर आणि दगडावर चूक. म्हणजे मधे तूच हात लावलास."

"नाही लावला! वल्लाही, देवाशपथ नाही लावला! मी फक्त ती टिक केली होती, त्यानं अक्षरं जुळतात—"

"कसली टिक?" हाजी म्हणाला.

युम्ना इन्शिराहकडे वळली. डोळे भरलेले, आणि त्या डोळ्यांत अजून विश्वास होता, हे सगळ्यात वाईट. "मादाम, तुम्ही सांगा ना. तुम्ही मागे उभ्या होतात. तुम्ही पाहिलंत, मी टाइप केलं आणि आपोआप—"

"मी काय पाहणार, पोरी," इन्शिराह म्हणाली. आवाज अगदी मऊ आला. "मला बाई जुनीच रीत येते. मी तुला म्हटलं होतं, नव्या गोष्टी मेलेल्याच्या नावावर करून बघू नकोस."

असं ती कधीच म्हणाली नव्हती. युम्नाचं तोंड उघडं राहिलं. क्षणभर इन्शिराहला वाटलं, आता हिला कळलं. कळलंही असेल. पण शहात तिच्याकडे बघत होता, आणि मुलगा गेलेल्या माणसासमोर स्वतःची बाजू मांडत बसायला पोरीला जमेना. ती त्याच्यापाशी गेली, म्हणाली, "मला माफ करा, काका," आणि हुंदका फुटला तसा तिनं दोन्ही हातांत चेहरा लपवला. हाजीनं सांगितलं, "पर्स घे आणि घरी जा. उद्यापासून येऊ नकोस." ती गेली. पुदिन्याचा कप टेबलावरच राहिला.

शहातला हाजीनं गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं, दगड नवा, सगळा खर्च माझा, असं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. परत आला, चहा मागवला, त्यात भरमसाट साखर घातली आणि बराच वेळ ढवळत बसला. "पोर गुणाची होती," तो म्हणाला. "पण एका दुकानात दोन माहीतगार बाया परवडत नाहीत. तिनं उद्या पगार वाढवून मागितला असता, परवा लग्न केलं असतं, तेरवा समोरच्या दुकानात गेली असती."

"दोन?" इन्शिराह म्हणाली.

हाजीनं चहाचा घोट घेतला. "ती टिक गं. मशीनं बसवायला जो माणूस आला होता ना, त्यानं पहिल्याच दिवशी दाखवली होती मला. हाजी, हे केलं की अरबी आपोआप येतं, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, आमच्या मादामना आपसूक सापडेल, खूश होतील." तो हसला, वाईट नव्हे, घरच्या माणसाशी हसावं तसा. "दुसऱ्या आठवड्यात बघतो तर तू आपली पुन्हा कोपऱ्यात. म्हटलं, बाईला सापडली नसेल. मग एका शुक्रवारी मी जरा लवकर परतलो, दारातूनच पाहिलं तुला. टिक करताना नाही, काढताना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी पुन्हा मशिदीत जाऊन बसलो."

पंखा फिरत होता. इन्शिराहनं विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? तू कधी रजा घेतलीस? कधी पगारवाढीचा विषय काढलास? तापात आलीस, दात काढून आलीस, आई अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा जागा सोडली नाहीस. असा पहारा पगारी माणूस देत नाही, इन्शिराह. मला दुकान चालवायचं होतं." त्यानं माळ हातात घेतली. "मी तुला कधी अडवलं नाही हां. जाते म्हणाली असतीस तर जाऊ दिलं असतं. तू कधी म्हणालीच नाहीस."

म्हणजे जाता आलं असतं. पहिल्याच फोनला जाता आलं असतं, आईच्या उशाशी बसता आलं असतं, तिला चमच्यानं भरवता आलं असतं, आणि परत आल्यावर खुर्ची तिथेच असती, कारण ती राखायची गरजच कधी नव्हती. ज्यापासून ती लपत होती तो माणूस दारात उभा राहून बघत होता आणि त्याला सोयीचं होतं. नग्वा म्हणायची, फलक काय दुसरं कुणी करू शकत नाही? कुणीही करू शकत होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी तिला दगडावर नखं फोडून घेणारी एक बाई दिसली, आणि तिचा चेहरा बघता बघता आईसारखा होऊ लागला.

"शहातचा दगड परवापर्यंत द्यायचाय," हाजी उठता उठता म्हणाला. "तूच कर. तो म्हणतो, मशीनवर भरवसा नाही, तुमच्या त्या जुन्या बाईंच्या हातचं द्या." दारापाशी गेल्यावर तो थांबला. "आणि मधे कुणी हात लावला ते मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तू आहेस ना दुकानात, मग झालं."

बाहेर रामसेसवरून गाडीचा भोंगा आला. इन्शिराह म्हणाली, "हाजी, मला उद्या रजा हवी."

"रजा?" त्याला खरंच नवल वाटलं. "कशाला? तुझी आई तर गेली ना?"

तिनं हो म्हणून मान हलवली. हाजी मशिदीकडे गेला. ती कोपऱ्यात जाऊन बसली, जुनं मशीन सुरू केलं, ते नेहमीसारखं कुरकुरत जागं व्हायला वेळ घेऊ लागलं. मग तिनं हुसामचं नाव लिहायला घेतलं.